नंदनगरीच्या वतीने: स्वागताध्यक्षांचे भाषण



टर्बोचार्जरवरची परिषद भरवायची तर पुणे डोळ्यांसमोर येते. तिथे १९६६ पासून एआरएआयसारखी वाहनसंशोधन संस्था उभी आहे, मोठमोठे कारखाने आहेत. तरी आपण सातपुड्याच्या पायथ्याशी येण्याचे मान्य केलेत, याचा आम्हा सर्वांना किती आनंद झाला आहे हे मी कोणत्या शब्दांत सांगू? नंदनगरीच्या, म्हणजे आमच्या नंदुरबारच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

आमचा जिल्हा वयाने लहान आहे. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यापासून वेगळा झाला. गाव मात्र नंद गवळी राजाच्या आख्यायिकेइतके जुने. प्रकाशे येथे तापी आणि गोमाईच्या संगमावर १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापर्यंतची वस्ती उजेडात आली. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. येथून जाताना ते अवश्य पाहा. आणि पाहुण्यांनी कार्यक्रमाआधी नसेल तर कार्यक्रमानंतर माणिक चौकात जावे, ही माझी हात जोडून विनंती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, चले जाव चळवळीत, तिथे शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गोळीबारात धारातीर्थी पडले. शिरीषकुमार तर शाळकरी मुलगा होता. ही पाच नावे आमच्याकडे लहान पोरही न अडखळता सांगते.

पण ज्यांचे नाव मैदानावर, चौकावर फारसे दिसत नाही, अशा एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववत नाही. तळोदे तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज. १९३७-३८ च्या सुमारास या आदिवासी पुरुषाने गावोगाव सांगितले की दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा आणि एकमेकांना 'आप' म्हणा. ज्यांना सावकार आणि शिपाई अरे-तुरे करत, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचे! डोंगरातून, नर्मदाकाठापासून माणसे पायी मोरवडला आरतीला लोटली. पाड्यापाड्यांतल्या दारूभट्ट्या विझल्या. १९३८ मध्ये महाराज गेले. पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चळवळ चालवली. वर्तमानपत्र हाताशी नाही, गाडी नाही, ध्वनिक्षेपक नाही, आणि एवढा समाज हलला. महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांची यादी वाचताना हे नाव आले नाही की मला वाईट वाटते. आपल्यापैकी काहींना आज ते पहिल्यांदा कळले असेल, तर या परिषदेकडून आमच्या जिल्ह्याला तेवढा लाभ आत्ताच झाला.

आता आपल्या विषयाकडे वळतो. मी अभियंता नाही, पण ही परिषद ठरल्यापासून शहाद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांना आणि आमच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारून विचारून थोडे समजून घेतले आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुरावर चाक फिरवायचे आणि त्याच फिरण्याने इंजिनात जादा हवा कोंबायची, ही मूळ कल्पना. 'व्हेरिएबल जॉमेट्री'त त्या चाकाभोवती हलणारी पाती बसवतात. इंजिन मंद असताना पाती मिटतात, धुराला वेग येतो; इंजिन जोरात असताना उघडतात. आपल्याकडे महिंद्रांच्या एमहॉक इंजिनाने २००८ मध्ये हे तंत्र स्कॉर्पिओत आणले.

अडचण उष्णतेची. डिझेल इंजिनाचा धूर सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो. पाती जिच्यावर बसतात ती साठ मिलिमीटर व्यासाची पोलादी रिंग सातशे अंशांनी तापली तर साधारण ०.७ मिलिमीटरने फुगते, असा हिशेब मला प्राध्यापकांनी करून दाखवला. आणि पात्यांच्या बाजूची फट तर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. सगळे भाग सारखे फुगले असते तर चिंता नव्हती. आमच्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीच्या चाकावर धाव तापवूनच चढवली, कारण ती चहूबाजूंनी सारखी तापते आणि सारखी आवळते. टर्बाइनचे हाउसिंग, म्हणजे त्या चाकाभोवतीचे कवच, मात्र शंखासारखे वळलेले, कुठे जाड, कुठे पातळ, एका बाजूने बोल्टांनी जखडलेले. ते वेडेवाकडे फुगते, रिंग कलते, एकीकडे पाती घासून अडकतात, दुसरीकडे फटीतून धूर निसटून ताकद वाया जाते. म्हणून रिंग घट्ट न आवळता स्प्रिंगच्या आधारे थोडी मोकळी ठेवणे, फट राखायला मध्ये पिना देणे, निकेलयुक्त मिश्रधातू वापरणे, असे उपाय आपण शोधत आहात.

हे आम्हाला का महत्त्वाचे? तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. त्या चढावर भरलेली जीप पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटावी लागते, इंजिन तापते, आणि उतारावर तेच झपाट्याने थंड होते. रुग्णवाहिकेच्या टर्बोची पाती तिथे अडकली तर गाडी ओढ धरत नाही, आणि आत बहुधा एखादी बाळंतीण असते. पात्यांच्या त्या फटीचा प्रश्न आपण सोडवलात, तर त्याचा उपयोग आधी आमच्या डोंगरात होईल.

आता क्षमायाचना. नंदुरबारात एवढ्या पाहुण्यांना पुरतील इतक्या खोल्या एकाच ठिकाणी नाहीत, म्हणून काहींची सोय वसतिगृहात, काहींची घरोघरी केली आहे. रात्रीच्या गाडीने आलेल्यांना स्थानकावर थोडे ताटकळावे लागले, त्याबद्दल दिलगीर आहे. वीज गेली तर जनरेटर ठेवला आहे. आमच्या जेवणात तिखट जरा जास्त असते. हे मिरचीचे गाव आहे, बाजारात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळताना दिसेल. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी वेगळी पंगत आहे, संकोच करू नये.

आभार किती मानू? मंडपाचा खर्च मिरचीच्या व्यापाऱ्यांनी उचलला. तूरडाळ नवापूरच्या शेतकऱ्यांनी दिली, आमचूर धडगावच्या बहिणींनी. महाविद्यालयाने सभागृह दिले, नगरपालिकेने पाण्याचे टँकर, गॅरेजवाल्यांनी प्रदर्शनासाठी उघडलेले जुने टर्बो. ट्रॅक्टर-विक्रेत्यांनी, डॉक्टरांनी, सराफांनी न मागता पावत्या फाडल्या. ज्यांनी नाव न घेण्याच्या अटीवर मोठी रक्कम दिली त्यांचा शब्द मी पाळतो. आणि स्वयंसेवक मुलेमुली: तीन रात्री ती झोपलेली नाहीत.

उद्या सकाळी सहा वाजता तोरणमाळची बस सुटेल. नावे आजच दुपारपर्यंत नोंदवावीत. आता मी अध्यक्ष महोदयांना उद्घाटन करण्याची विनंती करतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!