वरणातलं तूप आणि मी



मी स्वयंपाकातला तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. मी भिलाईचा. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्यानंतरच्या भरतीत माझे वडील अमरावतीहून इथे आले. मीही त्याच कारखान्यात ३१ वर्षं पाळ्या केल्या. रात पाळीहून आलो की ताट वाढलेलं असायचं. ते कोणी, कधी, कसं केलं, हा प्रश्न मला निवृत्त होईपर्यंत पडला नाही.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. मोठ्या मुलीचं बाळंतपण म्हणून सौ. सहा महिन्यांसाठी पुण्याला गेली. आणि धाकटा मुलगा, जो रोज रायपूरला नोकरीला जातो, तो व्हीगन झाला. दूध, दही, तूप, मध, सगळं बंद. कारणं त्याने शांतपणे सांगितली. मी म्हणालो, "बरं." मनात म्हणालो, चार दिवसांचं खूळ आहे.

आता जे सांगतो, ते सांगायला मला लाज वाटते. एका रात्री मी वरण-भात केला, तेवढंच येत होतं. पोरगं वाळत चाललंय असं वाटलं, म्हणून त्याच्या वरणात चमचाभर तूप घातलं आणि दिसू नये म्हणून चांगलं ढवळलं. त्याने पहिला घास घेतला आणि विचारलं, "बाबा, यात तूप आहे का?" मी म्हणालो, "नाही."

तो काही बोलला नाही. ताट उचललं, घासून ठेवलं आणि झोपायला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरूनच जेवून यायला लागला. तीन आठवडे. भांडला असता तर बरं झालं असतं. एकट्याने जेवताना मला कळलं की मी तूप नव्हे, त्याचा माझ्यावरचा विश्वास ढवळून टाकला होता.

तेव्हा ठरवलं, शिकायचं. नुसता वरण-भात नाही, पूर्ण जेवण.

सुरुवात चुकीच्या टोकाने केली. टोफू आणला, बदामाचं दूध आणलं. खिसा हलका झाला आणि जेवण काही झालं नाही. सौ.ला फोन केला. ती हसून म्हणाली, "अहो, झुणका-भाकरीत दूध असतं का? डाळभाजीत? मटकीच्या उसळीत? दाण्याच्या आमटीत? तुम्ही नवीन काय शोधताय?" खरंच की. आपल्या रोजच्या ताटातलं निम्मं तसंच आहे. वरची तुपाची धार आणि बाजूची दह्याची वाटी काढली की झालं.

मग मी एक वही केली, कारखान्यातल्या लॉगबुकसारखी. तारीख, काय केलं, काय बिघडलं. पहिल्या पानांवर बिघाडच जास्त आहेत. पिठल्यात गुठळ्या, कारण बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं. आधी गार पाण्यात कालवून घ्यायला हवं होतं. भाकरी थापताना फाटली, कारण पीठ गार पाण्याने भिजवलं. ज्वारीला गरम पाणी लागतं. चवळी दोन तास शिजली नाही, कारण चिंच आधी घातली. आंबट घातलं की कडधान्य लवकर मऊ होत नाही. कडधान्य शिजल्यावरच चिंच.

नवशिक्यांनो, माझं साधं गणित सांगतो. ताटात चार जागा धरा. एक धान्य: भात, भाकरी किंवा पोळी. एक डाळ किंवा उसळ. एक भाजी, शक्यतो पालेभाजी. आणि एक आंबट-कच्चं: कोशिंबीर, लिंबू, टोमॅटो. वरून दाण्याची, तिळाची किंवा जवसाची चटणी. तांदळातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे कमी ते तांदूळ. लिंबू पिळलं की पालेभाजीतलं लोह अंगी जास्त लागतं.

आकडे हवेत? १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, शेंगदाण्यात २५ आणि सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या आसपास. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी. आपल्याकडे छत्तीसगढमध्ये नाचणीला मडिया म्हणतात. ब १२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. ते डॉक्टरांना विचारून गोळीनेच घ्यायचं. तिथे हट्ट नको.

आणखी एक. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. बिस्किटं, ब्रेड, तयार मसाले घेताना मागची यादी वाचा. व्हीगन पदार्थांसाठी सरकारने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आहेत, खूणही वेगळी आहे.

वेळेचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी मला अडीच तास लागले. आता एक तास. सकाळी कडधान्य भिजत घालायचं. संध्याकाळी आधी कुकर लावायचा, खाली डाळ, वर तांदूळ. शिट्ट्या होईपर्यंत भाजी निवडायची, धुवायची, चिरायची. वाफ जिरेपर्यंत भाजी फोडणीला. भाकरी शेवटी, गरम गरम. पाळी बदलताना आधीचा माणूस काम कुठवर आलंय ते सांगून जातो ना, तसं एक काम दुसऱ्याच्या हाती सोपवत जायचं.

पण खरं शिक्षण झालं ते सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात. जमिनीवर पसरा लावून बसलेल्या एका मौसीकडे लाल देठांची भाजी होती. विचारलं, तर म्हणाली, "अमारी भाजी." पान तोंडात टाकलं आणि थबकलो. ही तर अंबाडी! माझ्या आईची अंबाडी. साठ वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं. मौसीने मग सगळा पसरा दाखवला. चरोटा म्हणजे आपला टाकळा, विदर्भातला तरोटा. मुनगा म्हणजे शेवगा. कोचई म्हणजे अळूचा कांदा. कशी करायची विचारलं, तर म्हणाली, "तेल, लसुन, मिर्चा. अउ कुछु नइ लागय." आणखी काही लागत नाही!

त्या रात्री मी आईसारखी अंबाडी केली. पाला उकडून, पाणी पिळून, तूरडाळ आणि तांदळाच्या कण्यांबरोबर घोटलेली, वरून लसणाची खमंग फोडणी. बरोबर ज्वारीची भाकरी, कांदा, जवसाची चटणी. मुलगा दारातून आत आला, वासाने स्वयंपाकघरापर्यंत आला.

मी त्याला म्हणालो, "बस जरा. आधी एक सांगायचंय. त्या दिवशी वरणात तूप होतं. मी खोटं बोललो."

तो म्हणाला, "माहीत होतं बाबा. तुम्ही कधी सांगता, तेवढंच बघत होतो."

मग त्याने पातेल्यात डोकावून विचारलं नाही. स्वतःच ताट घेतलं आणि वाढून घेतलं. भाकरी थोडी करपली होती. दोन खाल्ल्या.

आता सौ. परत आली आहे. ती तिच्या वाटीत तूप घेते, मीही कधी कधी घेतो. पण पातेल्यात तूप पडत नाही. ज्याला हवं त्याने आपल्या ताटात घ्यावं. मंगळवार आणि शनिवारचा स्वयंपाक माझा. उरलेल्या भाताचा फरा करायला मी शेजारच्या काकूंकडून शिकलो: भात, तांदळाचं पीठ, मीठ मळून वळायचं, वाफवायचं, तीळ-मिरचीची फोडणी द्यायची.

तुमच्या घरात कोणी वेगळं खायला लागलं, तर पटो न पटो, त्याच्या ताटात लपवून काही घालू नका. त्यापेक्षा त्याला जेवता येईल असं एक पूर्ण जेवण शिका. एकच. पुढच्या रविवारी बाजारात जा, ओळखीची नसलेली एक भाजी घ्या, आणि विकणाऱ्या बाईंना विचारा, ही कशी करतात?