बिलाचा पैसा आणि पोटाचा पैसा

कर्करोगाच्या उपचाराला दोन प्रकारचा पैसा लागतो. एक रुग्णालयाच्या बिलात दिसतो: तपासण्या, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, औषधे. दुसरा कुठल्याच पावतीवर येत नाही: परळच्या आसपास घेतलेल्या खोलीचे भाडे, सोबत राहिलेल्या मुलाची बुडालेली मजुरी, गावाकडे शेताला पाणी देणाऱ्या शेजाऱ्याची रोजंदारी, डॉक्टरांनी सांगितलेली अंडी आणि दूध. पहिल्या खर्चासाठी सरकार आहे, न्यास आहेत, देवस्थाने आहेत. दुसऱ्यासाठी जवळजवळ कोणी नाही. म्हणून घरातली रोख, दागिने आणि पाहुण्यारावळ्यांची मदत दुसऱ्या खर्चासाठी राखावी, बिल शक्यतो परक्या पैशातून भागवावे. या व्याख्यानाचा सारा हट्ट एवढाच आहे.

कर्करोग म्हणजे काय, टाटा रुग्णालय १९४१ साली कसे उभे राहिले, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे कसे गेले, हे या सभागृहाला ठाऊकच आहे. तो भाग सोडून थेट पैशाकडे वळणे बरे.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत उलटे घडते. निदान होताच घर हादरते. मुदतठेव मोडते, सोने मोडते, जमिनीचा तुकडा गहाण पडतो आणि ती सगळी रक्कम पहिल्या खासगी रुग्णालयाच्या अनामतीत जाते. हात रिकामे झाले की मग योजनेची चौकशी सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो, कारण झालेला खर्च योजना परत देत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रोकडरहित आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदलले आणि २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळते. रुग्णालयातला आरोग्यमित्र कागद पाहतो, पूर्वपरवानगी येते आणि पैसे परस्पर रुग्णालयाला जातात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचीही रीत तीच: रक्कम रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या हातात नाही. उपचार उरकून घरी गेल्यावर केलेल्या अर्जाला तिथे अर्थ उरत नाही.

अनेक घरांत घडते ते एका घरावर घालून पाहू. लातूरकडचे कुटुंब, आईला तोंडाचा कर्करोग, वर्षानुवर्षांची मिस्री. मुलगा टमटम चालवतो. जिल्ह्याच्या गावी गाठ काढली, पैसे संपले, पुढच्या रेडिएशनसाठी मुंबईला पाठवले. तिथे आरोग्यमित्र रेशनकार्ड मागतो. कार्डावर आईच्या नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही. (हशा) हसणाऱ्यांनी घरी जाऊन आपापल्या आईचे कार्ड पाहावे. कार्ड घडीवर फाटलेले, ते पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेले, आणि पट्टी नेमकी नावावरून गेलेली. मुलगा रात्रीच्या गाडीने गावी परततो. तलाठी भेटत नाही, कारण त्याच्याकडे तीन गावे. तलाठी भेटला तर तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याची साइट बंद. आधार दुरुस्तीला आईच हवी, आणि आई तर मुंबईत. पुढच्या खेपेस तिला आणतात, तेव्हा यंत्र बोटांचे ठसे घेत नाही. चाळीस वर्षे खुरपे धरून रेघा पुसल्या आहेत. केंद्रावरचा पोरगा सांगतो, आजी, हात धुऊन या, थोडे तेल लावा. आजी तेल लावतात, पदराला बोट पुसतात, पुन्हा ठेवतात. यंत्र पुन्हा नाही म्हणते. सावकाराच्या कागदावर चाललेला अंगठा सरकारच्या यंत्राला चालत नाही. (हशा, टाळ्या) मग डोळ्यांच्या बुबुळांवर काम भागते. ती सोय त्या केंद्रावर पहिल्यापासून होतीच, पण ती कोणी सुचवत नाही. या सगळ्यात जाणारे दिवस रेडिएशनचे असतात.

उदाहरण ठरवल्यापेक्षा लांबले. पण कागद हाच पहिला पैसा आहे, हे त्याशिवाय पटत नाही. रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला यांवरची नावे निरोगी दिवसांतच जुळवून ठेवावीत.

(मधल्या रांगेतून प्रश्न: माणूस तडफडत असताना कागद जमवत बसायचे का?)

प्रश्न रास्त आहे, रोख मात्र चुकीच्या दिशेने आहे. श्वास कोंडला, रक्त थांबेना, तर जवळचे दार गाठावे. तिथे कसला क्रम नाही. एरवी बायोप्सीचा अहवाल, स्लाइडची फेरतपासणी, स्कॅन यांत दिवस जातातच. ते दिवस कागदांचे. उपचार थांबवा असे इथे कोणी म्हटलेले नाही, हे नोंदले जावे. योजनेच्या पॅकेजमध्ये काही नवी, महागडी औषधे बसत नाहीत, हेही खरे. अशा वेळी न्यासांकडे जावे लागते.

योजनेत न बसलेल्या बिलासाठी आणखी दारे आहेत. पहिले दार कायद्याचे आहे आणि त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१ अअ या कलमाखाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. अशा रुग्णालयात ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नये. लेखी मागावे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी फाळणीच्या निर्वासितांसाठी जानेवारी १९४८ मध्ये सुरू झाला. आज त्यातून कर्करोगालाही मदत मिळते, बहुधा खासदारांच्या पत्रासह अर्ज जातो. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करते. प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर न्यासही वैद्यकीय मदत देतो. या सर्वांना हवा असतो तो एकच कागद: डॉक्टरांच्या सहीचे आणि रुग्णालयाच्या शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक. त्याच्या मूळ प्रती जास्त काढून घ्याव्यात. कुठल्या न्यासाकडे केव्हा जावे हे रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांइतके कोणाला ठाऊक नसते. डॉक्टरांच्या रांगेआधी त्यांची खोली शोधावी.

आता लोकवर्गणी. मिलाप २०१० पासून आणि केटो २०१२ पासून हे काम इंटरनेटवर करतात. रडणाऱ्या मुलाचा फोटो लावला की पैसे लवकर येतात, असा समज आहे. समज खोटाही नसेल. पण बरे झाल्यावर तेच मूल शाळेत जाणार असते आणि तो फोटो इंटरनेटवरच असतो. अंदाजपत्रक, निदानाचा अहवाल आणि साध्या भाषेतली दहा ओळींची हकीकत एवढ्यावर आवाहन उभे राहू शकते. मंचाचे शुल्क किती कापले जाते हे आधी वाचावे, आणि जमलेली रक्कम शक्यतो थेट रुग्णालयाकडे जाईल असे पाहावे. त्याला कराचेही कारण आहे: नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांवर रक्कम खात्यात आली तर ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. जवळच्या नातेवाइकांच्या देणगीला ती मर्यादा नाही. परक्यांचा पैसा बिलाला आणि घरचा पैसा पोटाला, हा हट्ट करकायद्यालाही मानवतो, ही या हट्टाची जमेची बाजू. (हशा)

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटे उरली आहेत. औषधांच्या किमतींचा भाग गाळावा लागणार. एवढेच नोंदवून पुढे जाऊ: २०१२ साली सोराफेनिबच्या सक्तीच्या परवान्याने महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. इतकी बचत कुठल्या वर्गणीने होत नाही. त्यामुळे तेच औषध स्वस्त ब्रँडमध्ये मिळेल का, हा प्रश्न प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांना विचारावा.

उरला पोटाचा पैसा. तोंडाच्या कर्करोगात रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. यंत्राखाली जातात काही मिनिटे, मुंबईत राहावे लागते दोन महिने. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्सची केंद्रे आहेत. रेल्वेत रुग्णालयाच्या दाखल्यावर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. यापलीकडचा सगळा खर्च घरच्या रोखीतून. सोने विकू नये. बँकेत तारण ठेवावे, निदान परतीची वाट राहते. विनापरवाना सावकार टाळावा. परवाना पाहायला मागितला की पुष्कळसे सावकार आपोआप टळतात.

हिशेबाची एक वही असावी, आणि ती सोबत राहणाऱ्याने लिहू नये. गावाकडच्या भावाने किंवा जावयाने लिहावी. कोणी किती दिले, बिलात किती गेले, घरखर्चात किती. शंका येतात त्या पैसे देणाऱ्यांनाच, आणि त्या रुग्ण घरी आल्यावर येतात. रुग्ण गेला तर जास्तच येतात. न्यासाचे पैसे वापरावाचून उरले तर ते न्यासाला परत जातात हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे अंत्यविधीच्या खर्चासाठी त्यावर कोणी विसंबत नाही.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही. (सभागृहात कुजबुज) दारात एका मेजावर खर्चाच्या अंदाजपत्रकाचा कोरा नमुना ठेवला आहे, घेऊन जावा. फुले योजनेच्या आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जाला एक रुपयाही लागत नाही. अर्ज मंजूर करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर ते देऊ नयेत.