एंजिनाच्या झडपा केव्हां तपासाव्या?

पेरणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यांतील कास्तकाराचें घर, शेत, बाजार आणि दवाखाना हीं सर्व मोटारसायकलच एकत्र जोडते. घाटंजीकडील एखाद्या कास्तकाराची गाडी बियाणें आणतांना पांढरकवड्याच्या रस्त्यावर बंद पडली, तर नुसता दिवस जात नाहीं, हातचा वाफसा जातो. नवल असें कीं, त्या गाडीनें आधीं मोठी तक्रार केलेली नसते. उलट ती पूर्वींपेक्षां शांत चालूं लागलेली असते आणि धनी त्यामुळें संतुष्ट असतो.

ही शांतता नीट समजून घेतली पाहिजे. राजदूत व येझदी यांवर वाढलेल्या पिढीस झडपांची चिंता ठाऊक नव्हती, कारण त्या टू-स्ट्रोक एंजिनांत अशा झडपाच नसत. बुलेटवाल्यांची गोष्ट निराळी. १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढें फोर-स्ट्रोक गाडी घरोघर पोंचली. तिच्याबरोबर झडपाही आल्या.

झडपेचा दांडा आणि त्यास दाबणारा रॉकर यांच्यामध्यें थंड एंजिनांत एक बारीकशी फट ठेवलेली असते. लहान गाड्यांत ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, म्हणजे केसाच्या जाडीएवढी असते. धातु तापून वाढला तरी झडप पूर्ण मिटावी, हा तिचा हेतु. मिनिटास ५००० फेरे घेणाऱ्या एंजिनांत प्रत्येक झडप २५०० वेळां उघडते व मिटते. रॉकर झिजला कीं फट वाढते आणि टकटक ऐकूं येते. परंतु झडप व तिची बैठक झिजली कीं झडप वर सरकते, फट कमी होते आणि आवाज थांबतो. धूर बाहेर सोडणारी झडप आपली उष्णता मुख्यतः बैठकीस टेकली असतांनाच सोडते; टेकणेंच थांबलें म्हणजे तिची कड जळूं लागते. टकटकणारें एंजिन त्रास देतें खरें, पण मुकें झालेलें एंजिन अधिक महागांत पडतें.

तेव्हां केवळ कानावर भिस्त ठेवून चालत नाहीं. किक हलकी लागणें, तापल्यावर गाडी लवकर सुरू न होणें, उभ्या गाडीचें एंजिन अडखळणें, पुसदकडील चढावर दम न राहणें, यांपैकीं कांहीं दिसतांच पुस्तिकेंतील मुदतीची वाट पाहूं नये. एरव्हीं मात्र मुदत हाच पाया. नव्या गाडीचे भाग एकमेकांत बसत असल्यानें पहिली तपासणी तर चुकवूंच नये. वणीकडे कोळशाच्या धुळींतून रोज धांवणारी, किंवा तीन माणसें आणि वर एक पोतें घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें रखडणारी गाडी असेल, तर मुदतीच्या थोडें आधींच पाहणें शहाणपणाचें. कारण मैलाचा आंकडा एंजिनाचे श्रम सांगत नाहीं. कांहीं गाड्यांत तेलाच्या दाबानें आपोआप जुळणारे टॅपेट असतात. तेथें हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

वेळेचा आणखी एक अर्थ आहे. अनेक पुस्तिकांत हें माप ३५ अंशांखालीं थंड असलेल्या एंजिनावर घ्यावयास सांगितलेलें असतें. यवतमाळच्या मे महिन्यांत दुपारीं पारा चाळिशी ओलांडतो. सावलींतली गाडीसुद्धां तेव्हां थंड म्हणतां येत नाहीं. रात्रभर उभी ठेवलेली गाडी पहांटे मिस्त्रीच्या दारीं न्यावी म्हटलें, तर नेतांनाच ती तापते! जवळच दुकान असेल तर ढकलत न्यावी, नाहीं तर आदल्या सायंकाळींच तेथें ठेवावी. घाईंतला मिस्त्री तापल्या एंजिनावरच अंदाजानें स्क्रू फिरवतो. त्यास फीलर गेजची पातळ पट्टी वापरावयास सांगण्यांत संकोच कसला?

मात्र प्रत्येक वेळीं स्क्रू फिरवलाच पाहिजे असें नाहीं. माप मर्यादेंत असेल तर झांकण पुन्हां बसवावें. विनाकारण सोडलेला नट नीट न कसला गेल्यानेंही गाड्या बिघडतात. दोन्ही झडपांचें माप, तारीख व किलोमीटर वहींत टिपून ठेवावे. दोन-तीन नोंदी झाल्या म्हणजे फट किती वेगानें बदलते तें दिसतें. ती दर वेळीं आकसत असेल, तर पुढील तपासणी पुस्तिकेच्या मुदतीआधीं, मृग लागण्यापूर्वीं उरकून घ्यावी. ती स्थिर असेल, तर गाडी निश्चिंतपणें पुस्तिकेच्या मुदतीपर्यंत चालवावी.