तेलाचा डबा आणि डॉलरचा भाव

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या गटानं लग्नसराईची शेव-चिवड्याची ऑर्डर घेतली. भाव ठरला, अर्धे पैसे आगाऊ घेतले. एप्रिलच्या शेवटी तेलाचा डबा आणायला गेलो आणि किंमत ऐकून दुकानदाराशीच भांडलो. ऑर्डर पुरी केली, पण आमची मजुरीसुद्धा सुटली नाही.

दुकानदाराचा दोष नव्हता, हे मागाहून कळलं. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं युक्रेन-रशियातून. त्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, बंदरं बंद पडली. सूर्यफूल मिळेना म्हणून सगळे पामतेलाकडं वळले, तेही भडकलं. इंडोनेशियातल्या बायकाही तेलासाठी रांगा लावत होत्या. मग त्यांच्या सरकारनं २८ एप्रिलला पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलं, ते २३ मे पर्यंत. तिथली रांग अशी आमच्या कढईपर्यंत आली.

महागाई आणखी एका वाटेनं येते, ती पटकन दिसत नाही. बाहेरचं तेल डॉलर देऊन घ्यावं लागतं. २०२२ च्या सुरुवातीला एक डॉलर साधारण ७४-७५ रुपयांना होता, ऑक्टोबरात ८२ च्या वर गेला. म्हणजे एका डॉलरचं तेल तिकडं एका डॉलरलाच राहिलं, तरी आपल्याला सात-आठ रुपये जास्त. त्या वर्षी पुढं पामतेल तिकडं उतरलं, पण त्यातला काही फायदा महागलेल्या डॉलरनं खाल्ला.

डॉलर का महागला? अमेरिकेतही महागाई होती. ती आवरायला तिथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याज वाढवलं. शेजारचा गट ठेवीवर जास्त व्याज देऊ लागला तर आपल्या बायका पैसे तिकडं नेणारच ना? तसा जगाचा पैसा अमेरिकेकडं गेला. परदेशी द्राक्षं पाठवणाऱ्याला त्याच डॉलरमागं जास्त रुपये मिळाले, हेही खरं. आम्ही मात्र विकत घेणाऱ्या.

आता आम्ही ठरलेला भाव पंधरा दिवसच धरतो. डब्याचा त्या दिवशीचा भाव वहीत लिहून गिऱ्हाईकाची सही घेतो. मागच्या दिवाळीत एकानं सही करायला नकार दिला, आम्ही ऑर्डर सोडली. त्यावरून गटात अजून दोन मतं आहेत.