मत कलेला की कहाणीला?



६ ऑक्टोबर २०२४, रविवारची रात्र. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. लहानपणीच आईवडिलांचं छत्र हरपलेला, शाळा अर्ध्यावर सुटलेला, मोबाईलवरच्या चित्रफितींमधून लोकांना ठाऊक झालेला हा मुलगा. दुसरा आला अभिजीत सावंत. तोच, जो २००५ साली पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला होता. आमच्या शहरात एका चौकाचं नावच टीव्ही सेंटर आहे. तिथल्या चहाच्या गाड्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जे वाक्य कानावर आलं, तेच संध्याकाळी शिकल्यासवरल्या मित्रांच्या बैठकीत ऐकलं : ‘त्याला काय, सहानुभूतीची मतं पडली.’

गंमत अशी, की मत देणारेही आपणच आणि त्या मताला नावं ठेवणारेही आपणच. सूरजच्या बाबतीत हा आरोप मला फारसा पटत नाही. ‘बिग बॉस’मध्ये ना सूर मोजायचा असतो, ना ताल. त्या घरात माणूस कसा वागतो आणि तो तुम्हाला आवडतो का, एवढंच विचारलेलं असतं. लोकांना तो आवडला. विषय संपला.

पण जिथे कला मोजायची असते, तिथे काय? आणि स्पर्धकाला ऐकूच येत नसेल तर?

२०१७ साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’च्या मंचावर मँडी हार्वे नावाची गायिका आली. संगीताचं शिक्षण घेत असताना, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तिची श्रवणशक्ती गेली होती. ती अनवाणी उभी राहिली, कारण ठेका तिला जमिनीतून, तळपायांतून कळतो. तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. सायमन कॉवेल हा कडक परीक्षक म्हणून प्रसिद्ध. त्याने तिला थेट पुढच्या फेरीत नेणारं सोनेरी बटण दाबलं. लगेच कुजबुज सुरू झाली, ‘बहिरी आहे म्हणून.’ अंतिम निकालात मँडी चौथी आली. पहिली आली ती बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारी बारा वर्षांची मुलगी. कहाणीवरच सगळं ठरत असतं, तर मँडीचा पहिला नंबर कुणी अडवला असता?

त्याहून बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. रोझ आयलिंग-एलिस ही जन्मापासून बधिर असलेली अभिनेत्री २०२१ साली बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नृत्यस्पर्धेत उतरली. जोडीदार होता जोव्हानी पर्निची. सहाव्या आठवड्यात त्यांच्या टँगोला चारही परीक्षकांनी दहापैकी दहा गुण दिले. इतक्या लवकर पैकीच्या पैकी गुण त्या कार्यक्रमात तोवर कुणाला मिळाले नव्हते. पुढे एका नाचाच्या मधोमध संगीत एकदम बंद झालं आणि काही सेकंद ती दोघं निःशब्दतेत नाचत राहिली. ठेका चुकला नाही. घरोघरी बसलेल्या लाखो ऐकू येणाऱ्या माणसांना तेवढे काही क्षण रोझच्या जगात नेऊन ठेवलं होतं. लोक रडले, हे खरं आहे. पण कशाला रडले? तिची दया आली म्हणून, असं मला वाटत नाही. उत्तम शेराने डोळे भरून येतात ना, तसे ते भरले असावेत. डिसेंबरमध्ये ती जिंकली. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटिश खुणांच्या भाषेला मान्यता देणारा कायदा तिथे झाला. त्यामागे बधिरांची कित्येक वर्षांची चळवळ होती. रोझच्या नाचाने तिला ऐन वेळी हात दिला.

आता मतांचं म्हणाल, तर निव्वळ कलेला मत पडतं हा आपला गोड गैरसमज आहे. २००७ साली ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला, तेव्हा तिकडच्या डोंगरी गावांतून वर्गण्या काढून एसएमएस पाठवले गेले होते. समोर शिलाँगचा अमित पॉल होता, त्याच्यासाठी मेघालय उभा राहिला. आपल्याकडेही गावचा पोरगा अंतिम फेरीत गेला की चौकात फलक लागतात. गावाचं मत चालतं, जातीचं चालतं, भाषेचं चालतं. त्याला आपण अभिमान म्हणतो. एखाद्या बहिऱ्या मुलीला मत पडलं की मात्र आपल्याला एकाएकी शुद्ध कलेची आठवण होते.

आणि तरीही सहानुभूतीच्या मताची एक बोच असते. ती मला जरा जवळून माहीत आहे. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. तीस-पस्तीस वर्षं कविसंमेलनांना जातो आहे. कविता संपली की कुणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, ‘मुसलमान असून काय सुंदर मराठी आहे हो तुमचं!’ ज्या शहरात डॉ. यू. म. पठाण यांनी विद्यापीठात पिढ्यान् पिढ्या मराठी शिकवलं, १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्या शहरात हे ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं, म्हणून मी हसून आभार मानतो. पण घरी येताना वाटतं, याला कवितेतली एखादी ओळ आठवत असेल का? त्या ‘असून’ने कविता बाजूला सारली आणि माझं नाव पुढे केलं. ‘बहिरी असून नाचते’ यातला ‘असून’ तोच आहे.

या बाबतीत सिनेमाचा न्याय तर आणखी अजब. गुलजार यांच्या ‘कोशिश’मध्ये, १९७२ साली, संजीवकुमारांनी मूकबधिर नायक उभा केला आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता. ‘खामोशी’तला नाना पाटेकरांचा बाप, ‘इक्बाल’मधला श्रेयस तळपदे, यांचंही आपण कौतुक केलं आणि त्याला अभिनय म्हटलं. तिकडे अमेरिकेत मार्ली मॅटलिन या खरोखर बधिर असलेल्या अभिनेत्रीला १९८७ साली, एकविसाव्या वर्षी, ऑस्कर मिळालं, तेव्हा एका समीक्षकाने ती दयेची मतं आहेत असं म्हटलं. म्हणजे ऐकू येणाऱ्याने बहिऱ्याचं सोंग वठवलं तर ती कला, आणि बहिऱ्या बाईने भूमिका केली तर ती दया! त्यानंतर दुसऱ्या बधिर कलावंताला अभिनयाचं ऑस्कर मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. मुलींचं लेझीम होतं. ढोल लाकडी मंचावरच ठेवलेला, म्हणजे पायांना कळावा. आणि शिक्षिका मंचाखाली उभ्या राहून हातांनी मात्रा दाखवत होत्या. भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने ‘देवाने यांचे कान घेतले, पण’ अशी सुरुवात केली. मुलांना अर्थातच त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, हे एका परीने बरंच झालं. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. बाईंनी तिच्या खुणांचा अर्थ सांगितला : ‘सर, ती विचारतेय, कोणता नाच चुकला?’

मी म्हणालो, ‘सगळे छान झाले.’ असं म्हणायची रीतच असते. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी नीट सांगितलं, की लेझीमच्या शेवटी दुसऱ्या रांगेतल्या तिघी अर्धा ठेका मागे पडल्या होत्या. तिचा चेहरा उजळला. मग लगेच ती भांडायलाच उठली. हात भराभर चालू लागले. बाई हसत म्हणाल्या, ‘ती म्हणते, फोटोवाला मध्ये उभा होता. दुसऱ्या रांगेला माझे हात दिसले नाहीत. आमची चूक नाही.’

फोटोवाला आम्हा पाहुण्यांचे फोटो घ्यायला आलेला होता.

तेव्हापासून मी टीव्हीवरच्या स्पर्धा कधी कधी आवाज बंद करून बघतो. तुम्हीही एखाद्या रविवारी करून बघा. गाणं नाहीसं होतं. उरते स्पर्धकाची रडणारी आई, पत्र्याचं घर, डोळे पुसणारा परीक्षक आणि पुन्हा ती आई. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत आपण एवढंच पोचवतो : कहाणी. परीक्षक काय म्हणाले, कुठे सूर उतरला, पाय कुठे अडखळला, हे पोचतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी श्रवणदोष नोंदवला होता. प्रेक्षक तेही आहेत, मतदारही आहेत. ते काय बघून मत देणार?

आपल्याकडे याची सुरुवात झालीच नव्हती असं नाही. दूरदर्शनने १९८७ साली कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या सुरू केल्या. त्या रविवारी लागायच्या, हे अनेकांना आठवत असेल. मुंबईला वांद्र्यात १९८३ साली कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिला नाव दिलं अली यावर जंग यांचं. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि मूळचे हैदराबादचे, म्हणून आम्हा मराठवाड्याच्या लोकांना ते जरा अधिक आपले वाटतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर स्पष्ट सांगतो, की दृक्-श्राव्य कार्यक्रमांना खुणांची भाषा आणि खाली अक्षरपट्टी हवी. २०१९ मध्ये टीव्हीसाठी त्याचे निकषही जाहीर झाले. आपल्या गाण्या-नाचाच्या मराठी कार्यक्रमांत अशी अक्षरपट्टी तुम्ही किती वेळा पाहिली, ते आठवून बघा.

आज मी रेडिओवर बोलतो आहे. ज्यांच्याविषयी बोलतो आहे, त्यांना यातला एक शब्दही ऐकू येणार नाही. पुढे हे भाषण वर्तमानपत्रात छापून येईल, तेव्हा ते वाचतील. त्यात ती लेझीमवाली मुलगीही असेल कदाचित. परीक्षकांचं बोलणं मराठीत पडद्याखाली उमटू लागलं, तर ती त्यांच्याशीसुद्धा भांडेल, याची मला खात्री आहे.