आचाऱ्यानं लिहायला हवं



पत्रिकेत माझा विषय 'व्यावसायिक शेफ आणि खाद्यलेखन' असा छापला आहे. मला त्यातलं एकच मांडायचं आहे. रोज शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्यानं लिहावं, आणि काम चालू असतानाच लिहावं. निवृत्तीनंतर चव आठवते, पण भट्टीपुढची घाई आठवत नाही.

फ्रेंच शेफ एस्कॉफिए आणि त्याचा १९०३चा पाकग्रंथ आपल्याला ठाऊकच आहे, त्यात शिरत नाही. अँथनी बोर्डेनही ओळखीचा. न्यूयॉर्कच्या 'ले आल'मध्ये मुख्य शेफ असताना तो सकाळी लिहायचा आणि मग कामावर जायचा. १९९९मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये त्याचा लेख आला, पुढच्या वर्षी 'किचन कॉन्फिडेन्शियल'. सोमवारी हॉटेलात मासे मागवू नका, असं त्यानं लिहिलं, कारण ती मासळी बहुधा शुक्रवारची असते. (सभागृहातून : 'आमचा सोमवारी उपासच असतो!' हशा.) असो. पण हे बाहेरून जेवायला येणाऱ्या समीक्षकाला कळलं नसतं.

अलेक्सी स्वाये हे नाव मात्र थोडं सावकाश घेतो. हा फ्रेंच माणूस, लंडनच्या रिफॉर्म क्लबचा मुख्य आचारी. १८४६मध्ये त्याचं जाडजूड पाकपुस्तक आलं. ते लिहिलं त्या दहा महिन्यांत क्लबात २५,००० जेवणं केली, असं तो प्रस्तावनेत सांगतो. पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळात सरकारनं त्याला डब्लिनला पाठवलं. तिथं त्यानं सूपकेंद्र उभारलं. घंटा वाजली की शंभर जण आत, प्रत्येकासमोर वाडगा, आणि साखळीनं बांधलेला चमचा. सूप पातळ होतं. त्यात पोषण नाही, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. पण त्यानं प्रमाण छापलं होतं, म्हणून तर डॉक्टरांना त्यावर बोट ठेवता आलं! न लिहिलेल्या सुपाशी कोण भांडणार? (टाळ्या.)

१८५५मध्ये तो क्रिमियाच्या युद्धात गेला. स्कुतारीच्या इस्पितळात मांस उकडलेलं पाणी फेकून देत होते. ते रुग्णांसाठी राखायला त्यानं शिकवलं. सैन्यासाठी चूल बनवली, ती पुढे विसाव्या शतकातही ब्रिटिश फौजेत चालली. हे सगळं त्यानं १८५७च्या पुस्तकात नोंदवलं. आणि या माणसाला इंग्रजी धड लिहिता येत नसे. तो सांगे, चिटणीस उतरवून घेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. मराठीकडे येतो.

आपलं पाकशास्त्र मुख्यतः घरच्या बायकांनी लिहून ठेवलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७०ची. वाटी-चमच्याच्या मापानं तिनं कितीतरी नवे संसार उभे केले. पुढच्या रांगेतल्या ताई मान हलवताहेत, म्हणून स्पष्ट सांगतो, मी तिला कमी लेखत नाही, कुणी तसं घेऊ नये. पण ते ज्ञान चौघांच्या स्वयंपाकाचं आहे. पाचशे पानांचा स्वयंपाक म्हणजे चौघांचा सव्वाशे पट नव्हे. मीठ-मसाला त्या हिशोबानं वाढत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानानं कमी आटतं. भात उतरवल्यावरही आपल्याच उष्णतेवर शिजत राहतो. हे आपल्या कार्यालयांतल्या आचाऱ्यांच्या हातात आहे, आणि कागदावर जवळजवळ नाही. 'त्यांना कुठं लिहिता येतं' असं मला नेहमी ऐकवलं जातं. स्वायेला कुठं येत होतं?

दुसरी चिठ्ठी आली. मसाल्यांविषयी बोलायचं होतं, ते सोडून देतो.

तुमच्या घरी मुंज असो, लग्न असो, आचारी यादी काढायला येतील तेव्हा वही घेऊन शेजारी बसा. तांदूळ किती, डाळ किती, हे यादीत येतंच. त्यापुढचं विचारा. भात कणी असताना का उतरवता? पावसाळ्यात जिलबीचं पीठ किती आधी भिजवता? पाचशेच्या जागी सातशे आले, तर वाढप्यांना काय सांगता? ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि छापाल तेव्हा लेखक म्हणून त्यांचं नाव घाला.