विकतचे लोकमत
१९८२ च्या संपात परळ-लालबागच्या गिरण्यांच्या दारांशी कामगारांच्या सभा भरत. त्या काळी कोणाला भाड्याची गर्दी करायची झाली, तरी हाडामांसाची माणसे आणावी लागत. आज तीही गरज उरलेली नाही. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने समाजमाध्यमांवरील बनावट अनुयायी विकणारे जाळे उघडकीस आणले. खोटी खाती मजकूर उचलून धरतात. यंत्रणा त्यालाच लोकप्रियता समजून तो अधिकांपुढे मांडते. आणि विकतचा गलबला लोकमत म्हणून मिरवतो. ज्याच्याजवळ पैसा, त्याचे बहुमत! हाच मार्ग चोखाळण्याचा मोह पुरोगामी कार्यकर्त्यांनाही होईल. परंतु विकतचा अनुयायी मोर्चात चालत नाही, संपनिधीला रुपया देत नाही. मोर्चात चालणारा माणूस आजही चाळींचे जिने चढूनच मिळतो.